मुका सूर: पाच तारांच्या एका बेस गिटारचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका व्यावसायिक बेसवादकाचं आणि त्याच्यासाठी वाद्य घडवणाऱ्या कारागिराचं आहे. दोघांच्या संमतीने, नावगाव वगळून लिहितो आहे. या कामात माझ्याकडे मोजमापं होती: नेकची, म्हणजे वाद्याच्या दांडीची, कंपनं नोंदवणं, तारांच्या ताणाचा हिशेब काढणं आणि एकाच्या कानाला जे खटकतंय ते दुसऱ्याच्या हत्यारांच्या भाषेत मांडणं.

वादक रोज वाजवणारा. दिवसा स्टुडिओत ध्वनिमुद्रण, संध्याकाळी ट्रम्पेट-सॅक्सोफोन असलेल्या वाद्यवृंदात तीन-चार तास उभ्याने वादन. त्याच्याकडचा बेस पाच तारांचा (खालून वर बी, ई, ए, डी, जी), ३४ इंची स्केलचा, म्हणजे तारेची कंप पावणारी लांबी ३४ इंच, नेक-थ्रू बांधणीचा, म्हणजे नेकचं लाकूड बॉडीच्या शेवटापर्यंत अखंड गेलेलं. वाद्य देखणं होतं, वरचं लाकूड तर पाहत राहावं असं. वजन मात्र पावणेपाच किलो, आणि पट्टा गळ्यात घालून हात सोडला की हेडस्टॉक, म्हणजे नेकचं खुंट्या असलेलं टोक, खाली झुकायचा.

त्याने कारागिराला सांगितलं, "खालचा बी स्पष्ट ऐकू यायला हवा, जी तारेवरचा कुठलाही सूर मध्येच मरायला नको, आणि कार्यक्रम संपल्यावर खांदा माझा मला परत मिळाला पाहिजे."

अडचण

जुन्या बेसवर खुली बी तार छेडली की आवाज मोठा यायचा, पण सूर नेमका कुठे आहे ते कळायचं नाही. जी तारेवर पाचव्या फ्रेटचा (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीचा) सी सूर तर एखाद्या सेकंदात विझायचा, शेजारचे सूर मात्र व्यवस्थित टिकायचे. वादकाने आधी पिकअप बदलले, मग प्रीअँप (आवाज वाढवणारं वाद्यातलं सर्किट) बदलला. दोन्ही चांगल्या प्रतीचे होते. फरक शून्य.

ही चूक फार जण करतात आणि ती समजण्यासारखी आहे. इलेक्ट्रिक वाद्याचा आवाज बिघडला की मन आधी विजेच्या भागाकडे जातं. पण पिकअप तारेची हालचाल टिपतो, तार मुळात किती वेळ हलणार हे ठरवणं त्याच्या हातात नसतं.

कारागिराने पहिल्याच भेटीत एक साधी परीक्षा घेतली. जी तारेच्या पाचव्या फ्रेटवरचा सी हाच सूर डी तारेच्या दहाव्या फ्रेटवरही मिळतो. दोन्ही जागी तो लागोपाठ वाजवून घेतला. डी तारेवर तो छान लांबला, जी तारेवर मेला. सूर तोच, पिकअप तेच, अँप तोच. म्हणजे दोष ज्या जागी बोट दाबलं त्या जागेचा. वादक दोन-तीनदा हे करून पाहत राहिला आणि मग म्हणाला, "म्हणजे मी इतके दिवस भलत्याच गोष्टीवर खर्च करत होतो."

या जागेला वादक डेड स्पॉट म्हणतात. नेक ही लवचिक लाकडी पट्टी आहे, तिची स्वतःची कंपनसंख्या असते. बहुतेक बेसमध्ये ती जी तारेच्या चौथ्या ते सातव्या फ्रेटच्या सुरांच्या आसपास पडते, म्हणजे साधारण १२३ ते १४७ हर्ट्झ. वाजवलेला सूर तिच्याशी जुळला की तारेतली ऊर्जा नेकमध्ये उतरते आणि तार लवकर थांबते. जर्मन संशोधक फ्लाइशर आणि त्स्विकर यांनी १९९० च्या दशकात गिटारच्या नेकची अशी मोजमापं केली. फिंगरबोर्डाला (बोटं दाबायच्या फळीला) लंब दिशेने नेक सहज हलतो आणि ऊर्जेची गळती मुख्यतः त्याच दिशेने होते, हे त्यांत दिसून आलं. दहाव्या फ्रेटपाशी नेक पाचव्या फ्रेटइतका हलत नाही, म्हणून तोच सी तिथे जगतो.

बी तारेचं दुखणं वेगळं. तिची कंपनसंख्या ३०.८७ हर्ट्झ, ई तारेची ४१.२. स्टेजवरचे बहुतेक स्पीकर ३१ हर्ट्झ जोरकसपणे देऊच शकत नाहीत. कान ६१.७, ९२.६, १२३.५ अशा वरच्या स्वरांशांवरून मूळ सूर जुळवतो. हे स्वरांश मूळ सुराच्या नेमक्या पटीत असले तरच सूर ठाम वाटतो. जाड तार मात्र ताठ असते, सळईच्या गुणधर्माकडे झुकते आणि तिचे वरचे स्वरांश थोडे चढतात. ३४ इंच ही लांबी लिओ फेंडर यांच्या १९५१ च्या प्रिसिजन बेसपासून रूढ झाली, पण तो चार तारांचा होता आणि त्याची सगळ्यात खालची तार ई होती. पाचवी तार नंतर आली, लांबी बहुतेकांनी तीच ठेवली. बेसवादक अँथनी जॅक्सन यांच्यासाठी १९७५ मध्ये कारागीर कार्ल थॉम्पसन यांनी केलेला सहा तारांचा बेसही ३४ इंचीच होता. पुढे जॅक्सन ३६ इंची वाद्याकडे वळले, ते याच कारणांसाठी.

पहिला निर्णय: नवं वाद्य हवंच का?

कारागिराने नवं काम लगेच अंगावर घेतलं नाही, ही मला या प्रकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. त्याने जुन्या बेसवर टेपर केलेली बी तार चढवली. या तारेची वरची वेटोळी ब्रिजच्या, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात त्या भागाच्या, टोकाला कमी केलेली असतात, त्यामुळे सॅडलवर (ब्रिजवरच्या टेकणीवर) तार बारीक होते आणि नीट वळते. बी लगेच सुधारला. पूर्ण नाही, पण ऐकणाऱ्याला कळेल इतका.

मग तो म्हणाला, "तुमची तक्रार फक्त बीची असती तर मी इथेच थांबा म्हटलं असतं."

पण डेड स्पॉट आणि झुकणारा हेडस्टॉक तारेने सुटणार नव्हते, आणि नेक-थ्रू बांधणीत नेक बदलता येत नाही. म्हणून नवं वाद्य करायचं ठरलं.

पर्याय

आधी स्केलची लांबी. जाडी आणि सूर तोच ठेवून लांबी ३४ वरून ३५ इंच केली की ताण सुमारे ६ टक्क्यांनी वाढतो. पण खरा फायदा ताणाचा नाही. ताठपणामुळे चढणाऱ्या स्वरांशांचं प्रमाण लांबीच्या चौथ्या घाताने घटतं. ३५ ला ते सुमारे ११ टक्के कमी, ३५.५ ला १६, ३६ ला २० टक्के कमी. याची किंमत हाताला मोजावी लागते. पहिल्या ते चौथ्या फ्रेटचं अंतर ३४ इंची स्केलवर सुमारे १३० मिलिमीटर, ३६ वर १३७. सात मिलिमीटर कागदावर किरकोळ दिसतात. चार तास वाजवणाऱ्या मनगटाला ते किरकोळ नसतात.

तिसरी वाट पंख्यासारख्या पसरलेल्या फ्रेटची: बी तार लांब, जी तार आखूड. जी तार ताणून लांब केली की तिचा आवाज बारीक होतो असं वादकाचं मत होतं, आणि या रचनेत ती ३४ वरच ठेवता येत होती. ही कल्पना जुनी आहे. युरोपातल्या ऑर्फेरियन या तंतुवाद्याला चारशे वर्षांपूर्वी तिरके फ्रेट असत, आणि आधुनिक गिटारसाठी राल्फ नोव्हाक यांनी १९८९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं.

नेकसाठी पूर्ण कार्बन फायबर हाही पर्याय होता. सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून असे नेक बनतात, ते हलके आणि अत्यंत ताठ असतात. हेडस्टॉकच नसलेली रचना हा त्याच्या पुढचा टप्पा: टोकाचं वजन गेलं की नेकची कंपनसंख्या वर जाते, झुकणंही थांबतं. माझा कल हेडलेसकडे होता आणि मी तसं स्पष्ट सांगितलं. वादकाला ते रूप पसंत पडलं नाही. रोज हातात घ्यायचं वाद्य आवडलं पाहिजे, हे कारण मी खरं कारण मानतो, म्हणून तो विषय तिथेच सोडला.

कागदी फ्रेटवरचा सराव

लांबी ठरवताना आकड्यांवर कुणीच विसंबलं नाही. कारागिराने तीन टाकाऊ नेक घेतले, त्यांवर पूर्ण मापाच्या कागदी पट्ट्या चिकटवून फ्रेटच्या रेषा आखल्या: एक सरळ ३५ इंची, एक ३४ ते ३६ चा पंखा, एक ३४ ते ३५.५ चा. बॉडीच्या जागी फळी, फळीला पट्टा. वादकाने उभं राहून, डोळे मिटून, आपल्या नेहमीच्या कार्यक्रमातल्या चाली त्यावर बोटांनी फिरवल्या. आवाज नाही, फक्त हात.

सरळ ३५ वर पहिल्या चार फ्रेटमध्ये सगळ्याच तारांवर हात ताणला जात होता. ३४–३६ चा पंखा खाली चांगला वाटला, पण बाराव्या फ्रेटच्या वर दोन-तीन सूर एकत्र धरताना बोटं अडखळली. ३४–३५.५ वर हात स्वतःहून जागा शोधू लागला. सातवा फ्रेट सरळ ठेवला होता, त्यामुळे नटकडे (हेडस्टॉकजवळ तारा टेकतात ती पट्टी) तिरकेपणा सुमारे १२.७ मिलिमीटर आणि ब्रिजकडे २५.४ मिलिमीटर येत होता.

याच वेळी आणखी एक गोष्ट लक्षात आली. वादक अगदी खालच्या जागीही प्रत्येक फ्रेटला एक बोट ठेवत होता. डबल बेसवाले सिमांडल यांच्या पद्धतीने खालच्या जागी पहिलं, दुसरं आणि चौथं बोट वापरतात, त्यामुळे हात एकाच पूर्ण स्वराइतका पसरतो. खालच्या चार फ्रेटपुरती ही पद्धत घ्यायची असं त्याने ठरवलं. मनगटाचा निम्मा प्रश्न लाकडाला हात लागण्याआधीच सुटला.

घडण

नेकला मेपलच्या तीन आणि वेंगेच्या दोन पट्ट्या, सगळ्या उभ्या रेषांच्या कापाच्या. आत नेकचा बाक जुळवण्यासाठी दोन्ही दिशांना काम करणारा ट्रस रॉड आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कार्बन फायबरच्या पट्ट्या. फिंगरबोर्ड शिसवीचा. वादक परदेशी दौरे करतो म्हणून परवान्यांचा विचार झाला. २०१७ मध्ये शिसवीच्या सगळ्या जाती, धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स नियमांखाली आल्या होत्या, पण २०१९ च्या अखेरीपासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझिलियन शिसवीला ती सूट नाही.

नेक बॉडीला बोल्टने जोडायचा की अखंड ठेवायचा यावर मतभेद झाले. वादकाला अखंड जोड हवा होता, वरच्या फ्रेटपाशी हात मोकळा फिरतो म्हणून. कारागीर बोल्टवर अडून बसला: पाच बोल्ट, लाकडात बसवलेले धातूचे आटे आणि टाचेकडचा भाग गोलसर तासलेला. त्याचं म्हणणं एवढंच की नेक हा अंदाजाचा भाग आहे आणि अंदाज चुकला तर तो काढता आला पाहिजे.

नेक ओबडधोबड तासून त्याने काही आठवडे तसाच ठेवला. तासल्यावर लाकडातला दडलेला ताण मोकळा होतो आणि पट्टी थोडी वळते. ती वळू द्यायची आणि मग सपाट करायची. वादकाचा दौरा जवळ आला होता, त्याने घाई केली. कारागिराने दौऱ्यासाठी जुनाच बेस न्यायला सांगितलं. नेक खरोखरच किंचित वळला होता. फ्रेट बसवल्यावर ते उघडकीस आलं असतं तर सगळे फ्रेट घासून बारीक करावे लागले असते.

बॉडी ॲशची, आतून काही कप्पे पोकळ केलेली. बॉडीचं वरचं शिंग बाराव्या फ्रेटपर्यंत ओढलेलं, कारण पट्ट्याची खुंटी तिथे आली की तोल सावरतो. ट्यूनिंगच्या खुंट्या हलक्या वजनाच्या.

पिकअपच्या खाचा पाडण्याआधी दोन्ही पिकअप तात्पुरत्या रुळावर तारांखाली टांगले आणि थोडे थोडे सरकवून ध्वनिमुद्रण केलं. पिकअप जिथे असतो तिथे ज्या स्वरांशाची निश्चल जागा पडते तो स्वरांश त्याला ऐकूच येत नाही, म्हणून काही मिलिमीटरनेही आवाज पालटतो. फेंडरच्या जॅझ बेसचा ब्रिजकडचा पिकअप सत्तरच्या दशकात जरासा मागे सरकला आणि त्याचा आवाज वेगळा ओळखू येऊ लागला, हे जुने वादक सांगतातच. फ्रेट तिरके असल्यामुळे पिकअपही तिरके बसवले. बाकी वायरिंगबद्दल सांगण्यासारखं विशेष नाही: नीट शिल्डिंग, साधा प्रीअँप आणि बॅटरी संपली तरी वाद्य बंद पडू नये म्हणून पॅसिव्ह स्विच.

पॉलिशआधीची चाचणी

कोऱ्या लाकडावरच तारा चढवून वाद्य पूर्ण जोडलं. रिलीफ (नेकचा हलका बाक) आठव्या फ्रेटपाशी ०.३ मिलिमीटर, बाराव्या फ्रेटवर तारेची उंची जीला १.९ आणि बीला २.५. बी तार पहिल्याच छेडीत उभी राहिली. वादकाने ती बराच वेळ सोडली नाही.

मग जी तार. पाचव्या फ्रेटचा सी आता जिवंत होता. सातव्या फ्रेटचा डी मात्र मेला.

मी हेडस्टॉकवर कॉन्टॅक्ट माइक लावला आणि बोटाच्या पेराने टकटक केली. नेकच्या कंपनांचं शिखर १४७ हर्ट्झच्या आसपास आलं, डीचा सूर १४६.८. ताठ नेक आणि हलक्या खुंट्या यांनी कंपनसंख्या वर नेली होती, पण ती दुसऱ्या एका सुरावर जाऊन बसली होती. मोजणी टेबलावर न करता वाद्य पट्ट्यावर टांगून, हातात धरून केली. आधार बदलला की नेकचं वागणं बदलतं, आणि वाजवायचं ते हातातच.

डी हा सगळ्यात गैरसोयीचा सूर, कारण शेजारच्या खुल्या तारेचा तो वरचा सप्तक आहे आणि गाण्यांत सतत लांबवला जातो. पुढे चार वाटा होत्या. हेडस्टॉक पातळ करून कंपनसंख्या आणखी वर न्यायची, म्हणजे खड्डा, तोच डेड स्पॉट, ई फ्लॅटकडे सरकणार. पण ब्रास वाद्यांबरोबर वाजवणाऱ्याला ई फ्लॅट आणि बी फ्लॅट रोज लागतात. किंवा टोकाला वजन देऊन ती सी शार्पकडे आणायची. किंवा आणखी ताठ नवा नेक करायचा. किंवा आहे तसं स्वीकारायचं.

हेडस्टॉकला एक छोटा क्लँप लावून पाहिला. शंभर ग्रॅमच्या आसपास वजनाने शिखर १४० च्या खाली उतरलं आणि डी जागा झाला. सी शार्प थोडा आखडला, पण एकदम विझत नव्हता. वादकाने आपल्या गाण्यांची वही काढली आणि कुठे कुठे सी शार्प लांब धरावा लागतो ते पाहिलं. फार थोड्या जागा निघाल्या, आणि त्या सगळ्या डी तारेच्या अकराव्या फ्रेटवर घेता येत होत्या.

आता पेच असा की तोल साधण्यासाठी टोक हलकं केलं होतं आणि सुरासाठी तेच जड करायचं होतं. कारागिराने पट्ट्याची मागची खुंटी मधल्या रेषेपासून वर सरकवली आणि बॉडीच्या मागच्या टोकाचा एक पोकळ कप्पा भरून काढला. वजन थोडं वाढलं, झुकणं आटोक्यात राहिलं. हेडस्टॉकच्या मागे पितळी पट्टी आली. वादकाला ती लाकडाखाली दडवून चिकटवून हवी होती. कारागिराने ती दोन स्क्रूंवर बसवली, कारण तारांचा संच बदलला किंवा पॉलिश चढलं की शिखर थोडं हलणार आणि वजन पुन्हा जुळवावं लागणार. पॉलिशनंतर तसंच झालं. पट्टी कडेने थोडी घासून हलकी करावी लागली.

निष्पत्ती

तयार वाद्याचं वजन ४.२ किलो. हात सोडला की ते जवळपास आडवं राहतं. बी तार ध्वनिमुद्रणात स्वतंत्र ओळखू येते, आधी तिथे मिक्सिंग करणाऱ्याला खालचे स्वर कापावे लागायचे. जी तारेवर सी शार्प अजूनही शेजाऱ्यांपेक्षा कमी टिकतो. "एकही सूर मरायला नको" ही मागणी शब्दशः पुरी झाली नाही आणि कारागिराने ती झाल्याचं भासवलंही नाही. लाकडी नेक आणि हेडस्टॉक ठेवायचा तर हा खड्डा बहुधा कुठेतरी राहतोच. तो कुठे ठेवायचा एवढंच ठरवता येतं. वादकाला हे आवाजासकट दाखवलं गेलं होतं, म्हणून त्याची तक्रार उरली नाही.

तारांचा प्रश्न राहिला. ३५.५ इंची लांबीला बी तार पुरेशी लांब हवी, नाहीतर खुंटीकडचा बारीक भाग नटवर येतो. बाजारातला प्रत्येक संच चालत नाही, त्यामुळे दौऱ्यावर वादकाला सुट्ट्या बी तारा जवळ बाळगाव्या लागतात.

वेगळं काय करता आलं असतं

लांब धरल्या जाणाऱ्या सुरांची यादी शेवटी काढली, ती पहिल्या भेटीत काढायला हवी होती. नेकची कंपनसंख्या कुठे असावी याचं लक्ष्य त्या यादीवरून ठरलं असतं आणि खुंट्यांचं वजन निवडताना ते हाताशी असतं. नेक तासताना मधेच, खुंट्यांइतकं वजन टोकाला बांधून, टकटक करून मोजता आलं असतं. तो आकडा तारा चढवल्यावरच्या आकड्याइतका नेमका नसतो, पण दिशा कळते.

तारांच्या लांबीचा विचारही हेडस्टॉकचा आराखडा आखण्याआधी व्हायला हवा होता. बीची खुंटी नटजवळ, दुसऱ्या बाजूला घेतली असती तर जास्त संच चालले असते.

हेडलेसचा पर्याय आम्ही फार लवकर सोडला असं मला अजूनही वाटतं. निदान तसं एखादं वाद्य उसनं आणून एक संध्याकाळ वाजवून पाहायला हवं होतं. कारागिराचं मत वेगळं आहे: ज्याला रूपच आवडत नाही त्याच्या कानालाही ते वाद्य बरं वाटत नाही. यावर आमचं एकमत झालेलं नाही. पुढच्या पाच तारी बेससाठी मात्र त्याने हेडस्टॉकच्या मागे वजनाची छोटी खाच आराखड्यातच धरली आहे, झाकणासह.